वसमत ते निफाड : नैसर्गिक वाइनच्या वाटेवर

द्राक्षाचा रस कुणी न सांगता आंबतो. पिकलेल्या मण्याच्या सालीवर आणि रस काढण्याच्या भांड्यांवर यीस्ट वस्तीला असतेच. साखर मोकळी झाली की ते कामाला लागते. या आपोआप होणाऱ्या क्रियेवर भरवसा ठेवून, रसात शक्यतो काही न मिसळता आणि त्यातून शक्यतो काही न काढता केलेल्या वाइनला नैसर्गिक वाइन म्हणतात. सेंद्रिय वाइन, बायोडायनॅमिक वाइन आणि नैसर्गिक वाइन ही नावे दुकानात एकमेकांत मिसळतात, पण तिन्हींचा हिशेब वेगवेगळ्या जागी लागतो. सेंद्रियाचा हिशेब बागेतल्या खतांचा आणि फवारण्यांचा असतो. बायोडायनॅमिक पद्धत गुरे, शेणखत, पीक आणि आकाशातल्या चंद्राची गती यांसह सगळे शेत एकच सजीव मानते. नैसर्गिक वाइनचा खरा कस रस टाकीत पडल्यानंतर लागतो : तयार यीस्ट वापरले का, आम्ल वाढवले का, गाळणी किती केली, गंधक किती घातले.

गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत या तिन्ही वाटा फ्रान्स, इटली, ऑस्ट्रिया आणि जॉर्जियात रुळल्या. भारतात वाइनचा सगळ्यात मोठा मुलूख नाशिक. तिथल्या बागेत ही वाट कुठवर पोचू शकते, हे पाहायला मी वसमतहून निघालो.

वसमत हा वाइनच्या द्राक्षांचा मुलूख नव्हे. हिंगोली जिल्ह्यातला हा तालुका हळदीचा. येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांच्या पूर्णा प्रकल्पाचे पाणी आणि काळी जमीन यांवर इथली हळद उभी आहे. मे-जूनमध्ये लागवड होते आणि जानेवारी ते मार्च काढणी, म्हणजे नाशिकला वाइनची द्राक्षे उतरतात त्याच महिन्यांत. काढलेले कंद उकडायचे, उन्हात वाळवायचे, पॉलिश करायचे आणि मोंढ्यात न्यायचे, असा क्रम. ‘वसमत हळदी’ला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला तेच मानांकन त्याच्या बऱ्याच आधी मिळालेले आहे. दोन्ही नावांमागे 1999 चा एकच कायदा आणि एकच दावा आहे : या मातीत, या हवेत, या हातांनी झालेली वस्तू दुसरीकडे तशीच होत नाही. फ्रेंच वाइनवाले हा दावा शतकानुशतके करत आले आहेत. वसमतच्या शेतकऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही.

दुसरेही एक साम्य आहे. हळद परदेशी पाठवायची तर आधी कीडनाशकांचे अवशेष तपासले जातात, आणि पिवळेपणासाठी लेड क्रोमेट लावण्याच्या भेसळीने साऱ्या देशाच्या हळदीचे नाव खराब केले आहे. त्यामुळे या भागात शेताच्या कडेला जीवामृताची निळी टाकी दिसली, तर तिला केवळ श्रद्धेची बाब म्हणता येत नाही. 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती 200 लिटर पाण्यात कालवून एक एकराला द्यायची, ही अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांची पद्धत. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या टाकीत गुळाच्या साखरेवर आणि बेसनाच्या प्रथिनांवर सूक्ष्मजीव वाढतात, म्हणजे तिथेही आंबवणच चालू असते.

आंबवणाची जुनी ओळख इथे आणखी एका रूपात आहे. मराठवाडा-तेलंगणच्या सीमेवर शिंदीच्या झाडाला खाच पाडून मडके लावतात. पहाटे उतरवलेला रस गोड असतो, उन्हे चढली की त्याला फेस येतो, संध्याकाळपर्यंत तो आंबट आणि चढणारा होतो, आणि आणखी ठेवला तर त्याचा शिरका होतो. विकतचे यीस्ट नाही, गंधक नाही, गाळणी नाही. नैसर्गिक आंबवणाचे सगळे गुण आणि सगळे धोके त्या एका मडक्यात पाहायला मिळतात. शिंदी त्याच दिवशी प्यायची वस्तू असल्याने तिचे भागते. वाइनला महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे टिकायचे असते, आणि पुढचा सगळा विषय या टिकण्याभोवती फिरतो.

वसमतहून रेल्वे पूर्णा जंक्शनला येते. तिथून परभणी, सेलू, परतूर, जालना करत गाडी पश्चिमेला धावते. खिडकीबाहेर कापूस, तूर, सोयाबीन, मधूनच मोसंबीची बाग. ज्या दख्खनच्या पठारातून ही गाडी जाते त्याची वाइनशी ओळख दोन हजार वर्षांची आहे, पण ती गिऱ्हाईक म्हणून. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासपुस्तकात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत वाइन आहे, आणि इटलीच्या वाइनला पसंती असल्याचेही नोंदले आहे. त्याच पुस्तकात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, या बाजारपेठांची नावे येतात. नेवाशाच्या उत्खननात भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांची खापरे सापडली. सातवाहनांच्या काळात इथले कापड तिकडे जात होते आणि तिकडची वाइन इकडे येत होती.

द्राक्षाचा वेल मात्र इथे रुजला. छत्रपती संभाजीनगर सोडले की थोड्याच वेळात उजवीकडे देवगिरीचा सुळका दिसू लागतो. चौदाव्या शतकात, दौलताबाद ही तुघलकाची राजधानी होऊन गेल्यानंतर, प्रवासी इब्न बतूता इथे येऊन गेला. इथे द्राक्षे आणि डाळिंबे होतात आणि ती वर्षातून दोनदा फळतात, असे त्याने लिहून ठेवले. हे वाक्य मला फार मोलाचे वाटते. युरोपातला वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपतो. दख्खनमधला वेल झोपतच नाही. नैसर्गिक शेतीचे युरोपातले सारे वेळापत्रक त्या झोपेवर बेतलेले आहे, आणि इथली मुख्य अडचण नेमकी तिथून सुरू होते.

बायोडायनॅमिक शेतीचा उगम द्राक्षबागेत झालेला नाही. जून 1924 मध्ये रुडॉल्फ श्टायनर या ऑस्ट्रियन विचारवंताने कोबेरवित्झ येथे, आज पोलंडमध्ये असलेल्या एका मोठ्या शेतावर, शेतकऱ्यांपुढे व्याख्यानमाला दिली. रासायनिक खते आल्यापासून बियाणे आणि जनावरे अशक्त होत चालली आहेत, अशी त्या शेतकऱ्यांची तक्रार होती. श्टायनरने दिलेल्या उपायांना पुढे 500 ते 508 असे क्रमांक पडले. 500 म्हणजे शिंगखत. व्यालेल्या गाईच्या शिंगात ताजे शेण भरून ते थंडीचे सहा महिने जमिनीत पुरायचे. बाहेर काढल्यावर त्यातले एकरी 25 ते 30 ग्रॅम खत पाण्यात तासभर, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून भोवरा करत, घुसळायचे आणि संध्याकाळी जमिनीवर शिंपडायचे. 501 मध्ये शिंगात गारगोटीची पूड भरतात आणि शिंग उन्हाळ्यात पुरतात. बाकीची मिश्रणे बहुतेक कंपोस्टात घालण्याच्या वनस्पतींची आहेत. 1928 मध्ये या मालासाठी ‘डेमेटर’ हे चिन्ह आले, आणि ते आजही चालते.

त्याच 1924 साली इंदूरमध्ये अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाची संशोधन संस्था सुरू झाली. हॉवर्डने भारतीय शेतकऱ्यांच्या शेणखताच्या सवयी नीट पाहिल्या, मोजल्या, आणि त्यातून कंपोस्टाची ‘इंदूर पद्धत’ तयार केली. जगातल्या सेंद्रिय चळवळीचा एक पाया असा माळव्यात घातला गेला. पुढे 1993 मध्ये न्यूझीलंडचे पीटर प्रॉक्टर इंदूरजवळच्या कस्तुरबाग्राममध्ये आले आणि शिंगखताची पद्धत भारतात रुजली. महाराष्ट्रातल्या द्राक्ष आणि डाळिंब बागाईतदारांत शेणाच्या ‘सीपीपी’ (काऊ पॅट पिट) कल्चरचे खड्डे दिसतात, ते याच वाटेने आले. शिंगे इथे शारदीय नवरात्राच्या सुमारास पुरतात आणि चैत्रात काढतात. जर्मन पंचांगाची जागा आपल्या पंचांगाने सहज घेतली.

या पद्धतीतले खरे किती, याचा शोधही झाला आहे. स्वित्झर्लंडमध्ये थेरविल येथे 1978 पासून बायोडायनॅमिक, सेंद्रिय आणि रासायनिक शेती शेजारी शेजारी चालू आहे. 2002 मध्ये त्या प्रयोगाचे एकवीस वर्षांचे निष्कर्ष आले : सेंद्रिय पद्धतींत उत्पन्न सुमारे 20 टक्क्यांनी कमी, पण खतांचा वापर त्याहून कितीतरी कमी, आणि मातीतली जीवसृष्टी अधिक समृद्ध. शिंगखतामुळे नुसत्या सेंद्रिय शेतीपेक्षा वेगळे काय घडते, हा प्रश्न कॅलिफोर्नियातल्या मर्लो द्राक्षाच्या एका बागेत तपासला गेला. तिथे मातीत लक्षणीय फरक दिसला नाही. माझे मत असे की, बायोडायनॅमिक बागाईतदाराचे यश शिंगापेक्षा त्याच्या नजरेत असते. पंचांग पाहून काम करणारा माणूस रोज बागेत जातो, पानाची मागची बाजू पाहतो, आणि रोग वाढण्याआधी त्याला गाठतो. कंपोस्ट मुबलक आणि नजर रोजची, या दोन गोष्टींनी बाग सुधारते. त्यासाठी श्रद्धेची जोड कुणाला लागत असेल तर तिला हरकत घेण्याचे कारण नाही. पण शिंगाचे दाम घेऊन चमत्कार विकणाऱ्याला हरकत जरूर घ्यावी.

मनमाड मागे पडले की लासलगावला कांद्याचा वास आणि पुढे निफाडला द्राक्षाचे मांडव सुरू होतात. निफाड, दिंडोरी आणि नाशिक या तालुक्यांत द्राक्षाचे गणित घराघरात पाठ असते. वर्षातून दोन छाटण्या होतात. एप्रिलमधली खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी, ऑक्टोबरमधली गोडी छाटणी फळासाठी. एप्रिलच्या छाटणीनंतर फुटलेल्या काडीत उन्हाळ्यात घडाचे डोळे घडतात, पावसाळ्यात काडी पिकते, आणि ऑक्टोबरमध्ये ती छाटली की घड बाहेर पडतो. इब्न बतूताला जी दोन पिके दिसली त्यांतले पावसाळ्यातले पीक आजचा बागाईतदार मुद्दाम सोडून देतो, कारण ते हाती लागत नाही. गोडी छाटणीनंतर सगळे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइड लावतात. न झोपलेल्या वेलाला जागे करण्याचे हे रसायन कुठल्याही सेंद्रिय नियमात बसत नाही. ते सोडले तर फूट मागेपुढे होते, घड मागेपुढे पिकतात, आणि एकाच बागेत तीन-तीनदा तोडणी करावी लागते.

ऑक्टोबर हाच परतीच्या पावसाचा महिना. कोवळी फूट, ढगाळ हवा आणि रात्रीचे दव एकत्र आले की पानाच्या मागे पांढरी लव दिसते. हा केवडा, ज्याला शेतकरी ‘डाऊनी’ म्हणतात. 2019 मध्ये ऑक्टोबरच्या शेवटी आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला पाऊस थांबेना, तेव्हा नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षबागांची अतोनात हानी झाली. थंडी वाढली की भुरी येते, फळ उतरायच्या बेताला पिठ्या ढेकूण येतो. खायच्या द्राक्षाला मणी लांब व्हावा म्हणून जिबरेलिक आम्ल द्यावे लागते; वाइनच्या द्राक्षाला लहान मणी आणि जाड साल हवी, त्यामुळे ते टळते. नैसर्गिक शेतीच्या दृष्टीने वाइनच्या बागेची ही जमेची बाजू, आणि तिची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही.

केवड्यावर सेंद्रिय बागेत चालणारे मुख्य औषध म्हणजे बोर्डो मिश्रण. फ्रान्समध्ये मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलांवर चोरट्यांना दूर ठेवण्यासाठी मोरचूद आणि चुना शिंपडत. त्या वेलांना रोग कमी लागतो हे मियार्दे या शास्त्रज्ञाच्या लक्षात आले, आणि 1885 मध्ये ते औषध जाहीर झाले. नाशिकचा शेतकरी आजही मोरचूद आणि चुना कालवतो. पण तांबे मातीतून जात नाही, साठत राहते आणि गांडुळांना घातक ठरते. म्हणून युरोपीय संघाने 2019 पासून हेक्टरी सात वर्षांत एकूण 28 किलोची मर्यादा घातली. रसायन टाळायचे म्हणून तांब्याचा मारा वाढवला, तर ती बाग कागदावर सेंद्रिय राहील आणि जमिनीत हळूहळू मरेल. नैसर्गिक शेतीच्या प्रचारकांनी ही गोष्ट शेतकऱ्यापासून लपवू नये.

अवशेषांचा धडा नाशिकला दोनदा मिळाला. 2003 मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल हे कीटकनाशक सापडले. त्यानंतर शेतमाल निर्यातीचे काम पाहणाऱ्या ‘अपेडा’ने बागांच्या नोंदणीची आणि नमुने तपासण्याची ‘ग्रेपनेट’ व्यवस्था उभी केली. 2010 मध्ये काडीची वाढ रोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अवशेष युरोपात सापडले आणि निर्यातदारांचे मोठे नुकसान झाले. पुण्याजवळ मांजरीला 1997 मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या तपासणीचा कणा आहे. फवारणीची वही ठेवणे, औषध मारल्यापासून तोडणीपर्यंतचे दिवस मोजणे ही शिस्त निर्यातीच्या द्राक्षाने शिकवली. सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी बहुवर्षायू पिकाला तीन वर्षांचा बदलकाळ लागतो. त्या तीन वर्षांत ही वहीच शेतकऱ्याच्या कामाला येते.

महाराष्ट्रात द्राक्षाला जिवंत मातीचा विचार परदेशातून यावा लागला, असेही नाही. कोल्हापूरचे श्रीपाद दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक. त्यांच्या ‘प्रयोग परिवारा’ने सांगली जिल्ह्यातल्या तासगावच्या द्राक्ष बागाईतदारांना एकत्र आणले. पान किती ऊन पकडते, मुळ्या कुठे श्वास घेतात, पालापाचोळ्याची माती किती दिवसांत होते, हे शेतकऱ्याने स्वतः मोजावे आणि दुसऱ्याला पत्राने कळवावे, अशी ती रीत होती. तासगाव परिसरात बोरगावच्या वसंतराव आर्व्यांनी ‘तास-ए-गणेश’ निवडला, सोलापूरजवळ नान्नजला नानासाहेब काळ्यांनी ‘सोनाका’ आणि ‘शरद’ दिले. मोठ्या प्रयोगशाळेच्या आधाराशिवाय, बागेत फिरता फिरता, वेल ओळखून केलेली ही कामे आहेत. फ्रान्समधल्या नैसर्गिक वाइनवाल्यांना ज्या स्वभावाचा अभिमान वाटतो, तो तासगाव-नान्नजच्या बागाईतदारात पहिल्यापासून होता. त्याची गाठ वाइनशी पडली नाही, एवढेच.

नाशिकची वाइन नवी आहे. नारायणगावला शामराव चौगुल्यांच्या इंडेजने 1980 च्या दशकात फेसाळ वाइन केली. नाशिकला राजीव सामंत यांच्या सुलाने 1997 मध्ये वेल लावले आणि 2000 मध्ये पहिली वाइन बाजारात आणली. 2001 मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले; निफाड तालुक्यातल्या विंचूरला वाइन पार्क झाले, सांगलीकडे पलूसला दुसरे. अकलूजजवळ फ्रातेल्लीने इटालियन वाइनकार पिएरो मासी यांच्या सल्ल्याने बागा उभ्या केल्या. 2008 च्या मंदीनंतर मात्र वाइन पडून राहिली, इंडेज कोलमडली, आणि अनेक शेतकऱ्यांनी वाइनची बाग तोडून पुन्हा खायची द्राक्षे लावली. ती आठवण निफाडमध्ये अजून ताजी आहे. कुणी नव्या पद्धतीचा आग्रह धरला की शेतकरी पहिल्यांदा विचारतो, माल कोण उचलणार?

वायनरीत शिरल्यावर विषय रसायनशास्त्राचा होतो. शेनिन ब्लां, सॉव्हिन्याँ ब्लां, शिराज, कॅबर्ने हे इथले नेहमीचे वाण. तोडणी जानेवारीत सुरू होते आणि मार्चपर्यंत चालते. मार्चमध्ये दुपारचा पारा 35 अंशांपलीकडे जातो. उन्हात मण्यातली साखर भराभर चढते आणि आम्ल भराभर उतरते. म्हणून तोडणी रात्री किंवा पहाटे करतात आणि टाक्यांना गार पाण्याची जॅकेटे असतात. रस नुसता ठेवला तर सालीवरचे रानटी यीस्ट आधी काम सुरू करते, मद्यार्क चार-पाच टक्क्यांवर गेला की ते थकते, मग सॅकरोमायसिस हे दमदार यीस्ट ताबा घेते. थंड तळघरात ही अदलाबदल सुरळीत होते आणि वाइनला चवींचे पदर मिळतात. गरम टाकीत तीच अदलाबदल अडखळते, मधल्या वेळात शिरक्याचे जंतू शिरतात आणि वाइनला झोंबणारा वास येतो.

तिथे गंधक आडवे येते. सल्फर डायऑक्साइड जंतूंना रोखते आणि वाइनला हवेपासून वाचवते. त्याचा जोर वाइनच्या आम्लतेवर ठरतो. पीएच 3.2 असलेल्या आंबट वाइनला जंतूंपासून राखायला लिटरमागे सुमारे 20 मिलिग्रॅम मुक्त गंधक पुरते, पीएच 3.8 झाला की त्याच संरक्षणासाठी जवळपास 80 मिलिग्रॅम लागते. गरम मुलखातली द्राक्षे कमी आंबट असतात, म्हणजे नाशिकच्या वाइनला गंधकाची गरज फ्रान्सच्या थंड भागापेक्षा कितीतरी जास्त. नैसर्गिक वाइनची अट मात्र दोघांना एकच लावली जाते. उपाय बागेत आहे : लवकर तोडणी, आम्ल टिकवणारे वाण, घडावर पानांची सावली. शेनिन ब्लां आम्ल बऱ्यापैकी धरून ठेवतो. नाशिकला नैसर्गिक वाइन करायची तर पहिला प्रयत्न त्याचाच व्हावा.

युरोपातही हे एका दिवसात घडले नाही. बोजोले भागातले ज्यूल शोव्हे हे स्वतः रसायनशास्त्रज्ञ आणि वाइनचे व्यापारी होते. यीस्टचा अभ्यास करत त्यांनी गंधकाशिवाय वाइन करण्याची रीत बसवली. त्यांच्याकडून मॉर्गों गावच्या मार्सेल लापिएर यांनी ती घेतली आणि शेजाऱ्यांना दिली. लवार नदीकाठी निकोला जोली यांनी आपली सगळी बाग बायोडायनॅमिक केली. ऑस्ट्रियात वाखाऊमधली निकोलाइहोफ 1971 पासून त्या वाटेवर आहे. बरगंडीतल्या लरुआसारख्या अत्यंत महागड्या घराण्यांनी ही पद्धत स्वीकारल्यावर तिला प्रतिष्ठा मिळाली. जॉर्जियात तर जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणात, क्वेव्रीत, वाइन करण्याची प्राचीन रीत तुटलीच नव्हती. 2013 मध्ये युनेस्कोने तिची नोंद घेतली. जमिनीच्या पोटातला रांजण उष्णता आपोआप आवरतो, त्यामुळे वीज नसतानाही आंबवण ताब्यात राहते. कुंभारकामाची इतकी समृद्ध परंपरा असलेल्या महाराष्ट्रात हा प्रयोग कुणीतरी गंभीरपणे करावा असे मला मनापासून वाटते.

‘नैसर्गिक’ या शब्दाला बराच काळ कायद्याची व्याख्या नव्हती, आणि त्याचा गैरवापर झाला. 2020 मध्ये फ्रान्समध्ये ‘व्हँ मेतोद नात्युर’ ही खूण मान्य झाली. द्राक्षे प्रमाणित सेंद्रिय, तोडणी हाताने, यीस्ट बागेतलेच, आणि गंधक एकतर वरून अजिबात नाही किंवा लिटरला 30 मिलिग्रॅमच्या आत. तुलनेसाठी : युरोपात साध्या तांबड्या वाइनला 150 आणि सेंद्रिय तांबड्या वाइनला 100 मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. यीस्ट स्वतःही थोडे सल्फाइट तयार करते, त्यामुळे पूर्ण शून्य हा आकडा सहसा मिळत नाही.

नाशिकमध्ये ही चळवळ म्हणून उभी राहिलेली नाही, आणि त्याची कारणे निफाडच्या बांधावर उभे राहिले की दिसतात. बागा लहान, बांधाला बांध. एकाने फवारणी थांबवली तरी शेजारच्या ट्रॅक्टरच्या ब्लोअरचे तुषार वाऱ्याने येतात. बरीच द्राक्षे करारावर घेतली जातात. दर किलोवर आणि साखरेच्या अंशावर ठरतो, मातीच्या तब्येतीवर ठरत नाही. शेतकऱ्याने एकरी उत्पन्न घटवून सेंद्रिय बाग केली, तर त्या घटीची भरपाई करारात कुठे लिहिलेली नसते. पहिले पाऊल वायनरीनेच टाकायला हवे : एका गावातले लागून असलेले गट निवडून, तीन वर्षांच्या बदलकाळासाठी एकराच्या हिशेबाने दर ठरवून, किलोच्या हिशेबाने नव्हे. वसमतच्या हळद उत्पादकांनाही प्रमाणित मालाच्या बाबतीत हाच मुद्दा लागू पडतो. मानांकनाने नाव मिळते, पण शेतकऱ्याची जोखीम वाटून घेणारा खरेदीदार त्याला स्वतः शोधावा लागतो.

नाशिकला वाइन चाखायला येणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यांत मराठी माणूस आता बराच दिसतो. चाखण्याच्या टेबलापाशी ग्लास हातात आला की चार प्रश्न जरूर विचारावेत. ही द्राक्षे कुठल्या गावातली? ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बागेत काय काय फवारले? आंबवण कोणत्या यीस्टने झाले? बाटलीत गंधक किती? ज्या वायनरीत या चारही प्रश्नांची सरळ उत्तरे मिळतील, तिची वाइन विकत घ्यावी, आणि घरी परतल्यावर ओळखीच्यांना तिचे नाव सांगावे.